पोकळीतली पानं

शनिवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी पिंपळनेरकडून झुलाल आबांचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला.

"भूपेंद्र, तुमनी पेटी मरी गयी."

"कशी मेली, आबा?"

"माणूस मरस तशी. दोन डाव डोया मिचकाडस, मंग गप. परत दोन डाव, परत गप. अन् आठे टाकीमा सातशे लिटर दूध शे."

झुलाल आबा त्यांच्या गावात दुधाचं केंद्र चालवतात. सकाळ-संध्याकाळ गावातलं दूध तिथल्या मोठ्या स्टीलच्या टाकीत जमा होतं आणि टँकर येईपर्यंत थंड ठेवलं जातं. टाकीचा कॉम्प्रेसर कधी चालू करायचा, कधी बंद, हे भिंतीवरची एक पेटी ठरवते. ती पेटी आम्ही धुळ्यात बनवतो. पेटी बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, आणि मे महिन्यात खानदेशात कॉम्प्रेसर बंद म्हणजे काय हे सांगायला नको.

मी तोंडात आलं ते बोललो. "आबा, सील तोडून डायरेक्ट जोडलं होतं का?" केंद्रचालक कंटाळले की वायरमन बोलावून, पेटीला वगळून कॉम्प्रेसर सरळ लाईनवर घेतात, आणि मग पेटी जळाली म्हणून आमच्या नावाने ओरडतात.

"तुना बाप उना व्हता का सील तोडाले?" आबा म्हणाले. "फोन नूतनले दे. तुले समजाव नही."

नूतनताई दारातच उभ्या होत्या, पाठीवरची सॅकसुद्धा उतरवली नव्हती. त्यांनी फोन घेतला. "आबा, आधी दुधाचं सांगा."

"टेम्पो बलाडेल शे. शेजारना गावमा दुसरी डेअरीनी टाकी शे, तठे वती येस. आजना दिवस निभी जाई. पन पेटी?"

"पेटीचं मी बघते."

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "ताई, अडतीसमधली एक आहे. बाकी सदतीस हिरव्या आहेत." आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. काल संध्याकाळी पाच वाजता मीच सगळ्या पेट्यांना नवं सॉफ्टवेअर पाठवलं होतं. मोबाईलच्या सिमवरून ते गेलं, पेट्या आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाल्या, आणि अडतीसच्या अडतीस दिवे हिरवे लागले. आम्ही दोघांनी खाली जाऊन उसाचा रस प्यायला होता.

नूतनताईंनी सॅक खुर्चीवर टाकली आणि उभ्या उभ्याच कालचा कोड उघडला.

नूतन प्रेमराज बोरसे मूळच्या अमळनेरच्या. वडील तेलाच्या कारखान्यात डबे धुवायच्या खात्यात होते. ताईंनी धुळ्यात डिप्लोमा केला, नोकरी करत डिग्री घेतली, दोन वर्षं पुण्यात एका कंपनीत काढली आणि परत आल्या. परत का आलात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "तिथे मी चारशे माणसांतली एक होते. माझ्या वाट्याला आलेली फाईल कुठे जाते ते मला दिसत नव्हतं. इथे दिसतं." आमच्या कंपनीत बावीस माणसं. त्यातली वीस सोल्डरिंग, पत्रा, वायरिंग बघतात. पेटीच्या आतल्या लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे सगळं यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या गाभ्याला, हात लावणाऱ्या एकट्या नूतनताई. आणि कर्नलमध्येही त्यांचा खास जीव होता तो अगदी सुरुवातीच्या भागावर, पेटी चालू झाल्यावर पहिल्या अर्ध्या सेकंदात मेमरी लावून घेणाऱ्या कोडवर.

हे काम काय असतं ते मला त्यांनीच समजावलं होतं. मशीन चालू होतं तेव्हा मेमरी म्हणजे नुसतं मोकळं रान असतं. कोणता भाग कामाचा, कोणता राखीव, कुठे मेमरीच नाही, हे कोणालाच माहीत नसतं. मग कर्नल त्या रानाची सारखी पानं पाडतो आणि प्रत्येक पानाची एक नोंद करतो: हे रिकामं, हे राखीव, हे नाहीच. पुढे सगळा कारभार त्या नोंदी बघून चालतो. आमच्या पेटीतल्या बोर्डात मेमरीचे दोन तुकडे आहेत आणि मध्ये एक पोकळी आहे. त्या पोकळीत मेमरी नाही, तरी तिच्या पानांच्या नोंदींना जागा मात्र असते, कारण नोंदी सलग असतात.

आधीच्या माणसाने हा कोड कसाबसा जोडून ठेवला होता. ताईंनी सात महिने तो साफ केला. मूळ लिनक्सच्या नव्या पद्धतीला धरून लिहिला. चारशे ओळींच्या दीडशे झाल्या. काल तोच कोड पहिल्यांदा बाहेर गेला होता.

आठ वाजून पाच मिनिटांनी माझ्या मोबाईलवर केंद्रचालकांच्या ग्रुपचा मेसेज आला. कोणीतरी वीज कार्यालयाची सूचना टाकली होती: पावसाळ्यापूर्वीच्या दुरुस्तीसाठी आज सकाळी दहा ते दुपारी दोन वीजपुरवठा बंद. खाली फीडरची नावं होती. शिरपूर आणि चोपड्याकडची आमची केंद्रं मी मोजली. चोवीस.

मी ताईंना वाचून दाखवलं, तेही सहज. लाईट जाणं आमच्याकडे बातमी नसते. लाईट गेली की केंद्रचालक जनरेटर चालू करतो, पेटी पुन्हा सुरू होते, दूध थंड होत राहतं.

ताईंनी मात्र मान वर केली. "आबांना परत फोन लाव."

"टेम्पो भरत असतील."

"लाव."

आबांनी ओरडतच घेतला. ताईंनी विचारलं, "आबा, रात्री लाईट गेली होती का? कशी गेली ते नीट आठवून सांगा."

"वारं व्हतं ना. रातभर मिचमिच चालू व्हती. जास, येस. जास, येस. पाच-सात डाव तरी गयी."

"तेव्हा पेटी चालू होत होती?"

"व्हत व्हती ना. लाईट उनी का पेटी चालू. मंग पाच वाजता गयी ती घंटाभर उनीच नही. सव्वासहाले उनी. तवयपासून पेटी मरेल शे. दूध ते मी ताठ्यामा भरी लिधं, म्हटलं आते व्हई, मंग व्हई."

"म्हणजे पटकन आली तर चालू होते, उशिरा आली तर नाही?"

"हाऊ. मना बैल बी तसाच व्हता."

ताई हसल्या नाहीत. फोन ठेवून त्यांनी कागदावर एकच शब्द लिहिला, 'वेळ', आणि त्याला दोनदा गोल केला. मग कोडमधल्या एका जागेवर बोट ठेवलं. डाव्या बाजूला जुना कोड होता, उजव्या बाजूला त्यांचा. जुन्यात सहा ओळी होत्या, नव्यात त्या नव्हत्या.

"या मी काढल्या," त्या म्हणाल्या.

"काय करायच्या?"

"पोकळीतल्या पानांच्या नोंदी पुसून त्यावर 'नाही' असं लिहायच्या. मला वाटलं, जिथे मेमरीच नाही तिथली नोंद कोण वाचतंय? पण पुढचा कोड पानं एकेक बघत नाही, हजार-हजारच्या गठ्ठ्याने बघतो. पोकळीच्या काठावरचा गठ्ठा अर्धा इकडे, अर्धा तिकडे. तो पोकळीतल्या नोंदीही वाचतो."

"मग काल चालू कशा झाल्या सगळ्या?"

ताईंचा आवाज खाली आला. "कारण काल पेट्या बंद झाल्याच नाहीत, भूपेंद्र. नुसत्या रीस्टार्ट झाल्या. वीज होतीच. कालपर्यंतच्या जुन्या सॉफ्टवेअरने लिहिलेल्या नोंदी तशाच मेमरीत पडून होत्या. माझ्या कोडने काही लिहिलं नाही, पण त्याला आयतं लिहिलेलं मिळालं. लाईट मिचमिचली तरी एक-दोन सेकंद मेमरी धरून ठेवते. तासभर गेली की सगळं जातं, मग तिथे कचरा असतो. कचरा वाचला की कर्नल थांबतो."

मला अजून पटत नव्हतं. "तुम्ही तर दोन महिने टेस्ट केलं. शेकडो वेळा चालू केलं असेल."

त्यांनी भिंतीकडे बघितलं. टेस्टच्या टेबलावर पाच बोर्ड मांडलेले असतात आणि त्यावर ताईंच्याच अक्षरातली पाटी आहे: 'बोर्डांची मेन लाईट बंद करू नये.' दोन वर्षांपूर्वी लाईटच्या अशाच मिचमिचीत तीन बोर्डांतली साठवणीची चिप खराब झाली होती. तेव्हापासून ताईंनी ते टेबल मोठ्या इन्व्हर्टरवर घेतलं. पाचही बोर्ड तेव्हापासून एकदाही पूर्ण थंड झाले नव्हते. टेस्ट करायचं तर रीसेटचं बटण दाबायचं. लाईट जाणाऱ्या गावांसाठी बनवलेली पेटी आम्ही लाईट कधीच न जाणाऱ्या टेबलावर तपासली होती.

"वडील म्हणायचे," ताई म्हणाल्या, "रिकामा डबा म्हणजे धुतलेला डबा नाही. मी ते ऐकत वाढले." आणि त्यांनी पहिल्या बोर्डाची वायर उपटली.

आठ बत्तीस झाले होते.

"एक मिनिट पुरे ना?" मी विचारलं.

"आबांची तासभर गेली होती. दहा मिनिटं थांबते. मालकांना सांगायचं तर अंदाजावर सांगता येणार नाही."

ती दहा मिनिटं मी विसरणार नाही. ताई खुर्चीवर बसल्या नाहीत. मी हिशेब मांडला. पेट्यांमध्ये जुनं सॉफ्टवेअर दुसऱ्या कप्प्यात जपून ठेवलेलं असतं. एक आज्ञा पाठवली की पेटी रीस्टार्ट होऊन जुन्यावर जाते. पण आमची यंत्रणा एका वेळी चारच पेट्यांशी बोलते, आणि चार पेट्यांना आठ मिनिटं लागतात. चोवीस पेट्या म्हणजे सहा फेऱ्या, अठ्ठेचाळीस मिनिटं. लाईट दहाला जाणार. नऊ बाराच्या आत सुरुवात व्हायलाच हवी. नाही तर चोवीस गावांचं टाक्यांतलं सकाळचं दूध, अजून पुरतं गार न झालेलं, चार तास उन्हात. आणि लाईट आल्यावरही पेट्या मेलेल्याच. मेलेली पेटी जिवंत करायला लॅपटॉप आणि केबल घेऊन तिथे जावं लागतं. दोन जिल्ह्यांत चोवीस ठिकाणी आम्ही दोघं.

आठ बेचाळीसला ताईंनी वायर परत जोडली. स्क्रीनवर पहिली ओळ आली, दुसरी आली, तिसरी आली. मग काही नाही. बोर्डावरचा हिरवा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. पुन्हा दोनदा, पुन्हा विझला. आबांनी सांगितलं होतं अगदी तसंच.

"चल," ताई म्हणाल्या. "आता मालकांना फोन."

सॉफ्टवेअर पाठवायचं किंवा मागे घ्यायचं तर मालकांच्या मोबाईलवर सहा आकडी नंबर येतो आणि तो टाकल्याशिवाय काही होत नाही. हा नियम माझ्यामुळे झाला. गेल्या वर्षी मी चुकीची फाईल पाठवली होती. मालक म्हणजे रुपचंदभाऊ. ते त्या दिवशी जामनेरला भाच्याच्या लग्नात होते.

पहिला फोन वाजून वाजून थांबला. दुसरा कापला. तिसरा आठ चोपन्नला उचलला गेला आणि त्यातून आधी बँड आला.

"नूतन, वरात निघाली आहे! नंतर बोल!"

"भाऊ, नंबर हवाय. कालचं सॉफ्टवेअर मागे घ्यायचंय."

"काय? ऐकू नाही येत!"

"कालचं! मागे घ्यायचंय!"

बँड दूर गेला. भाऊ कुठेतरी आडोशाला आले असावेत. "का? भूपेंद्रने रात्री फोटो पाठवला ना, सगळं हिरवं?"

ताईंनी चार वाक्यांत सांगितलं. भाऊ म्हणाले, "मेली किती?"

"एक."

"अडतीसमध्ये एक. अगं सोमवारी दूध संघाची माणसं येताहेत. दोनशे केंद्रांचं काम आहे. त्यांना हेच नवं दाखवायचंय, नवा थर्मामीटर, नवं सगळं. आता मागे घेतलं तर त्यांच्या कानावर जाणारच. एक पेटी काय, वायरिंगनेही मरते. सोमवार होऊ दे."

"भाऊ, दहा वाजता चोवीस केंद्रांची लाईट जातेय."

"जनरेटर आहेत ना?"

"जनरेटर चालू करायला त्यांना दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात पेटी विसरते. मी इथे बोर्ड थंड करून बघितला. मेला."

"चूक कोणाची आहे?" भाऊंनी विचारलं. आवाज बदलला होता.

"माझी. मी सहा ओळी काढल्या. भूपेंद्रची नाही, केंद्रवाल्यांची नाही, वायरिंगची नाही. संघाच्या माणसांना मी स्वतः हेच सांगेन. तुम्हाला लेखी पाठवते. पण नंबर आत्ता द्या, भाऊ. नऊ वाजलेत."

कोणीतरी भाऊंना हाक मारली, मामा पुढे या म्हणून. ते त्या माणसावर खेकसले. मग आमच्या कानात सहा आकडे आले, एकेक करून.

"आणि नूतन," ते म्हणाले, "एकही टाकी नासली तर सोमवारी तू बोलायचं. मी नाही."

"हो."

नऊ पाचला पहिल्या चार पेट्या पिवळ्या झाल्या. मी घड्याळ बघत होतो, ताई यादी बघत होत्या. नऊ तेराला चारही हिरव्या. पुढच्या चार. एका पेटीचं सिम मध्येच गप्प झालं, दोनदा आज्ञा पाठवावी लागली, त्यात चार मिनिटं गेली. बाराव्या पेटीला नऊ तेहेतीस. सोळाव्याला नऊ बेचाळीस. खिडकीबाहेर पत्र्याच्या शेडवरून ऊन डोळ्यांत येत होतं. ऑफिसात सोल्डरिंगची माणसं आली होती, पण कोणी आमच्या खोलीत डोकावलं नाही.

विसाव्या पेटीपर्यंत नऊ पन्नास झाले. शेवटच्या चार राहिल्या आणि मी बटण दाबणार तेवढ्यात ताईंनी माझा हात धरला.

"थांब. दहाची लाईट खरंच दहाला जाते का?"

मला उत्तर माहीत होतं. दुरुस्तीची लाईट पाच-दहा मिनिटं आधीच जाते, म्हणजे लाईनमन दहाला खांबावर चढलेला असतो. आणि पेटी सॉफ्टवेअर बदलत असताना मध्येच लाईट गेली, तर दोन्ही कप्पे खराब व्हायची भीती होती. मग केबलनेही ती उठली नसती.

"या चारांना हात लावू नको," त्या म्हणाल्या. "फोन लाव. जनरेटर आत्ता चालू करायला सांग, लाईट असतानाच. आणि लाईनवरून जनरेटरवर न्यायचा चेंजओव्हरचा खटका एका दमात इकडून तिकडे. मध्ये थांबायचं नाही. एक सेकंद."

"एक सेकंद मेमरी धरेल?"

"रात्री धरत होती. दिवसाचं सांगता येत नाही. तापलेली मेमरी लवकर विसरते."

मी दोघांना फोन लावले, ताईंनी दोघांना. मला मिळालेला पहिला माणूस हुशार होता, काही न विचारता 'करतो' म्हणाला. दुसऱ्याने आधी डिझेल कोण देणार ते विचारलं. मी म्हणालो, "मी देतो, माझ्या खिशातून देतो, पण हँडल मारा." ताईंचा पहिला फोन लगेच लागला. दुसरा लागत नव्हता. तो चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावरचं केंद्र चालवणाऱ्या ताईबाईंचा होता. तिथे रेंज टाकीच्या खोलीत नसते, बाहेर चिंचेखाली असते.

नऊ त्रेपन्नला स्क्रीनवर एक दिवा करडा झाला. खटका फिरताना पेटीची वीज तुटली होती. अर्ध्या मिनिटाने तो हिरवा झाला. मग दुसरा करडा, दुसरा हिरवा. तिसऱ्याला पाऊण मिनिट लागलं. तोही हिरवा.

नऊ सत्तावन्नला ताईबाईंनी फोन उचलला.

"अक्का, जनरेटर चालू करा. लगेच."

"काबं? लाईट शे ना."

"लाईट जाणार आहे. जायच्या आधी चालू करायचाय. मग खटका एका दमात फिरवा."

"मी एकली शे वं माय. मालक बजारले जायेल शे. हँडल मना कडथीन फिरत नही."

"कोणाला तरी हाक मारा, अक्का. धावत."

फोन चालूच राहिला. ताईबाईंची हाक ऐकू आली, कुत्रं भुंकलं, धावणारी पावलं वाजली. मग लांबून हँडलचा खडखडाट आला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा इंजिन खोकलं आणि बंद पडलं. नऊ अठ्ठावन्न. चौथ्यांदा खोकलं. आणि त्याच वेळी स्क्रीनवर चोपड्याकडचे सात दिवे एकदम करडे झाले. लाईट गेली होती.

सहा दिवे आपापल्या जनरेटरवर परत हिरवे झाले, कोणी तीन मिनिटांनी, कोणी पाच. जुन्या सॉफ्टवेअरला काहीच फरक पडला नव्हता. सातवा करडाच राहिला. फोनमध्ये आता जनरेटर धडधडत चालू होता आणि ताईबाई ओरडत होत्या, "चालू व्हयना! आते काय करू? पेटी नुसती डोया मिचकाडस!"

ताईंनी डोळे मिटून घेतले. "काही नका करू, अक्का. वायरमनशिवाय डायरेक्ट जोडायला जाऊ नका. मी येते. दूध किती आहे?"

"साडेतीनशे."

"मला पोचायला दीड वाजेल. तोवर ते टिकणार नाही. चूक माझी आहे. तुमच्या लोकांना तसंच सांगा."

ताईबाई म्हणाल्या, "तू ये. दूधनं मी बघस."

उरलेल्या सोळा पेट्याही जुन्यावर नेऊन आम्ही साडेदहाला निघालो, कंपनीची जीप मी चालवली. शिरपूर फाट्यावर पाणी घ्यायला थांबलो तेवढंच. ताई मांडीवर लॅपटॉप घेऊन त्या सहा ओळी परत लिहीत होत्या. त्यानंतर त्यांनी भाऊंना मेल लिहिलं. मला वाचून दाखवलं नाही, पण पाठवताना स्क्रीन माझ्या बाजूला होती. पहिलंच वाक्य होतं: 'एक टाकी गेली.'

पाड्यावर पोचलो तेव्हा केंद्राच्या मागच्या सावलीत तीन चुली पेटल्या होत्या आणि तीन मोठ्या कढया चढल्या होत्या. ताईबाईंनी घरोघर निरोप पाठवून बायकांना बोलावलं होतं. साडेतीनशे लिटर दूध मावा होण्याच्या वाटेवर होतं. त्या उन्हात, चुलीशी उभं राहून, पाच बायका घामाने निथळत ढवळत होत्या.

ताईबाई पन्नाशीच्या, उंच. त्यांनी नूतनताईंना वरपासून खालपर्यंत बघितलं. "तूच का ती?"

"हो, अक्का."

"तुना कंपुटरनी आमले हलवाई करी टाकं." बायका हसल्या, पण ताईबाई हसल्या नाहीत. "आठे जवय बठ्ठा घरनं दूध येस ना, ते लोके मना तोंड देखीसन येतस. तुनी पेटी देखीसन नही. परत असं व्हयनं ते कोन्ही येवाव नही."

"माहीत आहे."

"काय माहीत शे तुले? हाई धर." त्यांनी उलथनं ताईंच्या हातात दिलं. "पेटी तो पोऱ्या उघाडी. तू ढवळ."

पण पेटी मला उघडता आली तरी आतली आज्ञा ताईंनाच द्यायची होती. म्हणून आलटून पालटून झालं. ताई पाच मिनिटं पेटीपाशी, पाच मिनिटं कढईपाशी. एका बाईने त्यांच्या डोक्यावर स्वतःचा ओला रुमाल टाकला. अडीच वाजता पेटी जुन्या सॉफ्टवेअरवर उठली. लाईट तोवर आली होती. ताईंनी मेन खटका पाडला, पंधरा मिनिटं थांबल्या, परत वर केला. उठली. पुन्हा पाडला, पुन्हा उठली. मी म्हणालो, "बास ना आता." त्यांनी तिसऱ्यांदा पाडला.

त्यानंतर निघता आलं असतं. तीन तासांत धुळे. सोमवारच्या माणसांसमोर काय बोलायचं त्याची तयारी करायची होती, आबांची पेटी बाकी होती. पण ताई टाकीच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिल्या.

साडेपाचला पहिली बाई दूध घेऊन आली. डोक्यावर ॲल्युमिनियमची किटली, मागे शेळी. तिने किटली खाली ठेवली, झाकण काढलं आणि टाकीकडे न जाता उभी राहिली. तिच्यामागे आणखी दोघी येऊन थांबल्या. सकाळचं काय झालं ते सगळ्या पाड्याला कळलं होतं. तिने ताईबाईंकडे बघितलं. ताईबाईंनी नुसती मान नूतनताईंकडे वळवली, की आता तूच सांग.

ताई उठल्या. पेटीवरचा आकडा बघितला, सहा अंश. हात लावून टाकीचा पत्रा बघितला. मी त्यांच्या जागी असतो तर काहीतरी समजावलं असतं, नोंदी, पोकळी, काहीही.

"रात्री परत लाईट गेली तर?" त्या बाईने विचारलं.

"मी आज इथेच झोपणार आहे," ताई म्हणाल्या. "ओता."

बाईने अजून एकदा ताईबाईंकडे बघितलं आणि मग किटली उचलून टाकीकडे वळली.